समुद्रावर राखण कुणाकडे?

(मंडळाच्या भाद्रपद महिन्याच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला या सभेत चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाला वड्या थापाव्यात, सतरंज्या घालाव्यात आणि काढाव्यात, हे माझे मंडळातले काम. पण त्या म्हणाल्या, "मागच्या दिवाळीत तुम्ही मुलांना घेऊन समुद्रावर गेला होता ना? तेच सांगा. सुट्टी जवळ आली आहे, कुणाला तरी उपयोग होईल." उपयोगाचे म्हटल्यावर मला नाही म्हणवेना. तेव्हा जे घडले ते जसे घडले तसे सांगते. बोलताना चुकले तर सांभाळून घ्या.

पाऊस सरला आणि आश्विनातले ऊन पडू लागले, की घरात मुले राहत नाहीत आणि आपल्यालाही राहवत नाही. आपण साताऱ्याच्या बायका या बाबतीत भाग्यवान आहोत. अजिंक्यतारा उशाशी, सज्जनगड हाकेच्या अंतरावर, आणि कासचे पठार तर २०१२ सालापासून जगाच्या वारशाच्या यादीत गेले आहे. सोनकीने पिवळे आणि तेरड्याने गुलाबी झालेले ते पठार मुलांना एकदा तरी दाखवावे. माझे सांगणे असे, की लहान मुलांना एकदम लांब नेऊ नये. आधी अशा जवळच्या सहली कराव्यात. किती चालवते, गाडी लागते का, हट्ट कशाचा होतो, हे सगळे अर्ध्या दिवसात कळते. आम्हीही मागच्या वर्षी आधी कास केले, मग गड केला, आणि नंतर समुद्राचा विचार केला.

समुद्राचे निमित्त झाली आपली भिशी. माझ्या नावाची चिठ्ठी निघाली. हे म्हणाले, "नवा मिक्सर घे. जुना किती दिवस ठोकून चालवणार?" म्हणणे खरे होते. पण त्याच आठवड्यात थोरलीने शाळेसाठी समुद्राचे चित्र काढले. निळ्या पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढली आणि मला विचारले, "आई, लाट केवढी असते गं?" मला सांगता येईना. यांना येईना. सासूबाईंना तर नाहीच. घरातल्या तीन मोठ्या माणसांपैकी एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. मी म्हटले, जुना मिक्सर अजून वर्षभर ठोकू.

भाऊबीज झाल्यावर निघालो. सासूबाई, हे, मी, माझी थोरली बारा वर्षांची, धाकटा नऊ वर्षांचा, धाकटी जाऊ आणि तिची चार वर्षांची छकुली. भाऊजींना रजा मिळाली नाही. एस.टी.त गंमत झाली. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट, सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या म्हणून त्यांना फुकट, धाकट्याचे अर्धे आणि छकुलीचे नाहीच. सगळ्या घरात पूर्ण तिकीट काढणारे एकटे हेच! दापोलीपर्यंत हे ते बोलून दाखवीत होते.

महाबळेश्वरावरून आंबेनळी घाट उतरताना मुलांना गाडी लागते. म्हणून सकाळी भरपेट खायला घालू नये. आम्ही कोरडे चुरमुरे, आवळासुपारी आणि लिंबू बरोबर ठेवले होते. तरी धाकट्याने पोलादपूरच्या आधी पिशवी वापरलीच. खाली कोकणात भाताची कापणी चालली होती. पुढे खेड, मग दापोली, आणि तिथून मुरुड. एका घरगुती खाणावळीत दोन खोल्या मिळाल्या. मागे नारळ-पोफळीची वाडी आणि वाडीच्या पलीकडे समुद्र.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगताना अजून माझ्या पोटात खड्डा पडतो.

सामान टाकले आणि पाच वाजता आम्ही सगळे वाळूवर गेलो. सासूबाई चटईवर बसल्या. मी फराळाचा डबा उघडून मुलांना चिवडा वाढू लागले. हे धाकट्याला घेऊन पाण्यात उभे होते. जाऊ थोरलीचा मोबाईलवर फोटो काढीत होती. छकुली वाळूत विहीर करीत होती. तिला विहिरीत पाणी हवे होते. ती हातात प्लॅस्टिकचा मग घेऊन पाणी आणायला गेली. लाट मागे गेली, तशी तीही मागोमाग गेली. पुढच्या लाटेने तिला पाडले.

आमच्यापैकी एकानेही ते पाहिले नाही. जवळच कोकम सरबत विकणारी एक बाई होती, तिने पाहिले. ती धावली, फ्रॉकला धरून पोर ओढून काढली आणि पालथी धरून पाठ थोपटली. छकुली ठसकली आणि मोठ्याने रडू लागली. ते रडणे ऐकून आम्ही धावलो. पाणी मोठ्या माणसाच्या गुडघ्याइतकेही नव्हते.

त्या बाईने विचारले, "पोरगी कुणाच्या राखणीला होती गो?"

आम्ही चार मोठी माणसे तिथे उभी. चौघांनाही उत्तर देता आले नाही. मला वाटत होते, तिची आई आहे. आईला वाटत होते, आजी आहेत. आजींना वाटत होते, मुलगा पाण्यात उभाच आहे. आणि यांना वाटत होते, एवढ्या बायका आहेत.

त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघाले, ते निघायला नको होते. मी चारचौघांत जावेला म्हटले, "पोटची पोर सांभाळता येत नाही, आणि फोटो कसले काढतेस?" ती काही बोलली नाही. छकुलीला पोटाशी धरून रडत राहिली. ती आज इथे समोर बसली आहे. मी त्याच रात्री तिची क्षमा मागितली. पण बोल चारचौघांत लावला होता, म्हणून क्षमाही आज चारचौघांत मागते. चूक तिची एकटीची नव्हती. मी डब्यात डोके घालून बसले होते. चिवड्याला कुणी पळवून नेणार नव्हते.

त्या सरबतवाल्या बाईने मग आम्हाला बसवून समजावले. "येणारं पाणी ढकलतं, जाणारं पाणी ओढतं," ती म्हणाली. भरती केव्हा, ओहोटी केव्हा, याचा हिशेब तिला तोंडपाठ होता. तिथी घ्यावी आणि तिला पाऊणने गुणावे. त्या दिवशी पंचमी होती. पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण, आणि तिथून पुढे सहा तास ओहोटी. आम्ही पाच वाजता, पाणी ओढत असताना, पोर काठावर सोडली होती. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे जाते. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. पुनवेला आणि अवसेला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. हा हिशेब थोडा मागेपुढे होतो, म्हणून तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल घालू नये, हेही तिनेच सांगितले. कालनिर्णय आपल्या प्रत्येकीच्या भिंतीवर आहे. एकादशी पाहतो, तशी समुद्रावर जाताना तिथीही पाहावी.

हे लहान मुलांपुरतेच आहे असे समजू नका. रायगड जिल्ह्यातही एक मुरुड आहे. तिथे २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीला आलेली महाविद्यालयातली डझनाहून जास्त मुले-मुली समुद्रात बुडाली. ती तर मोठी आणि शिकलेली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हे म्हणाले, "मी असतोच की जवळ." मी म्हटले, "जवळ तर आपण चौघेही होतो. जवळ असणे वेगळे आणि राखण वेगळी." पहाटे एक युक्ती सुचली. एस.टी.त यांनी डोक्याला गुंडाळलेला लाल पंचा खुंटीवर होता. मी तो उचलला आणि सगळ्यांना सांगितले, की हा पंचा ज्याच्या खांद्यावर, राखण त्याची. त्याने डबा उघडायचा नाही, मोबाईल काढायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत. मुलांकडे तोंड करून उभे राहायचे. अर्ध्या तासाने दुसऱ्याच्या हातात पंचा द्यायचा, आणि देताना मुले मोजून "तीन आहेत" असे मोठ्याने म्हणायचे. पंचा खाली ठेवायचा नाही. हातातून हातातच द्यायचा. सासूबाईंना धावता येणार नाही, म्हणून त्या सोडून आम्ही तिघांनी पाळी लावली. त्यात हेही आले. पहिल्यांदा जरा संकोचले, पण पंचा खांद्यावर घेतल्यावर जागचे हलले नाहीत.

आणि भगिनींनो, याचा दुसरा फायदा मला आधी सुचलाही नव्हता. दुसऱ्या दिवशी षष्ठी. दुपारी भरती चढत होती. तिथल्या माणसांनी दाखविलेल्या जागी आम्ही गेलो. पंचा यांच्या खांद्यावर होता. जाऊ आणि मी हातात हात धरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलो. मागून छकुलीने "आई" म्हणून हाक मारली. जाऊ लगेच वळली. मी म्हटले, "थांब. पंचा त्यांच्याकडे आहे." यांनी छकुलीला उचलले. तो अर्धा तास मला कुणी काही मागितले नाही. पायाखालची वाळू लाटेबरोबर सरकते तेव्हा गुदगुल्या होतात. चाळीस वर्षे ओलांडली, आणि मला हे माहीत नव्हते. सहलीला जाऊन आपण घरचेच काम वाळूत मांडून बसतो. जिची राखण नाही तिला खरी मोकळीक, हे तेव्हा कळले.

सासूबाईंना आम्ही दोघींनी धरून पाण्याजवळ नेले. त्या माण तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली आहे आणि मैलभरावरून पाणी वाहिले आहे. पाणी पायाला लागले, तेव्हा त्यांनी वाकून ते डोळ्यांना लावले. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं पाणी, आणि प्यायला थेंब नाही. देवानं आमच्या गावासारखीच थट्टा केली म्हणायची." मग स्वतःच हसल्या.

परतायच्या आदल्या दिवशी गावातले महर्षी कर्वे यांचे स्मारक पाहिले. अण्णांचे बालपण या मुरुडात गेले. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, म्हणून याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले आणि १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. थोरलीच्या पुस्तकात होते, की सतराव्या वर्षी ते परीक्षेसाठी या मुरुडहून आपल्या साताऱ्याला शंभर मैलांहून जास्त चालत गेले, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. थोरली म्हणाली, "आई, आपण गाडीने आलो तरी थकलो." मग जरा थांबून म्हणाली, "तू सातवीत का थांबलीस?" मी सांगितले, शाळा दुसऱ्या गावात होती, मधे ओढा होता, आणि पावसाळ्यात मला कोण नेणार, असे घरच्यांना वाटले. सगळ्यांना वाटले, दुसरा कुणी तरी बघेल. ते ऐकून तिने माझा हात धरला, तो खाणावळीपर्यंत सोडला नाही.

शेवटी थोड्या उपयोगाच्या गोष्टी. मुलांना पाण्याजवळ निळे-पांढरे कपडे घालू नका. लाल, केशरी घाला, म्हणजे लांबून दिसतात. लहान मुलाच्या दंडावर पेनने आपला फोन नंबर लिहा. पिण्याचे पाणी बरोबर न्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते, म्हणून वाटेला तीच बरी. दिवे लागणीच्या आत मुलांना पाण्याबाहेर काढा. आणि पाणी ओढत असेल तेव्हा काठावरचा खेळसुद्धा नको.

येत्या कोजागिरीला आपले मंडळ मुलाबाळांसह संगम माहुलीला जाणार आहे. तिथे कृष्णा आहे, वेण्णा आहे, आणि दूध आटवायला आपण सगळ्याच चुलीभोवती जमणार. माझी सूचना अशी, की मंडळाच्या पैशातून दोन लाल पंचे घ्यावेत. पहिली पाळी माझी लावा. दुसरी पाळी माझ्या जावेने मागून घेतली आहे.