पहिला श्वास आणि तीन वाटा

(लोणावळ्यात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं आणि हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो. तरी आज नवजात बाळाच्या रक्ताभिसरणावर बोलायला उभा आहे, कारण हा विषय मला माझ्या भाच्याने शिकवला. तेव्हा तो तीन दिवसांचा होता.

मावळातला जुलै तुम्हाला माहीत आहे. आठवडाभर झड लागली होती. आपाची डिलिव्हरी तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्यात झाली. बाळ खणखणीत रडलं, अब्बांनी कानात अजान दिली, आम्ही चिक्की वाटली. दुसऱ्या दिवशी सगळे घरी आले. तिसऱ्या दिवशी आपा म्हणाली, "हा दूध ओढत नाही. दोन घोट घेतो आणि दमतो. पाय गार लागतात." घरातल्या बायका म्हणाल्या, पावसाळी हवा आहे, नीट गुंडाळून ठेव. आणि मी, घरातला सगळ्यात शिकलेला माणूस, म्हणालो, "आज रविवार आहे, उद्या दाखवू." मी सातव्या दिवसाच्या अकीक्याची यादी करत बसलो होतो.

आपाने कुणाचं ऐकलं नाही. भर पावसात रिक्षा करून ती दवाखान्यात गेली. मीही मागोमाग गेलो. सिस्टरने बाळाच्या उजव्या हाताला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावली. आकडा आला ९६. मग पायाला लावली. ८४. तिने क्लिप काढून पुन्हा लावली. पुन्हा ८४.

एकाच बाळाच्या शरीरात दोन आकडे कसे? मला वाटलं, मशीन बिघडलंय. मशीन ठीक होतं.

पोटातलं बाळ श्वास घेऊन ऑक्सिजन मिळवत नाही. त्याची फुफ्फुसं द्रवाने भरलेली असतात. ऑक्सिजन येतो आईकडून, वारेतून, नाळेच्या शिरेतून. मग काम नसलेल्या फुफ्फुसांकडे सगळं रक्त पाठवून उपयोग काय? म्हणून निसर्गाने तीन आडवाटा ठेवल्या आहेत. पहिली वाट नाळेतून आलेलं बरंचसं रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे नेते. दुसरी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात आहे. तिथे झडपेसारखं एक दार असतं, त्यातून रक्त उजवीकडून डावीकडे जातं. तिला फोरामेन ओव्हेल म्हणतात. तिसरी म्हणजे फुफ्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी छोटी नळी, डक्टस आर्टेरिओसस. या वाटांमुळे हृदयातून निघालेल्या रक्तापैकी जेमतेम १० ते २० टक्के फुफ्फुसांत जातं.

मग बाळ जन्मतं आणि पहिला श्वास घेतं. फुफ्फुसं फुलतात, आतला द्रव शोषला जातो, तिथल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात आणि रक्त तिकडे धावतं. फुफ्फुसांतून परतलेलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला येतं, तिथला दाब वाढतो आणि पडद्यातलं ते दार ढकललं जाऊन मिटतं. नाळ बांधली की पहिल्या वाटेकडे रक्तच येत नाही. नळीचं काम जरा सावकाश चालतं. रक्तातला ऑक्सिजन वाढतो, वारेकडून येणारं प्रोस्टाग्लँडिन घटतं आणि नळी आकसत जाते. बहुतेक बाळांत ती एक ते तीन दिवसांत मिटते. दोन-तीन आठवड्यांत तिचा नुसता दोर उरतो.

आमच्या कामात जुनी सिस्टिम बंद करून नवी चालू करायची तर महिनाभर तयारी असते, आणि फसलं तर मागे फिरायची सोय ठेवतो. बाळ हा बदल चालू हृदयावर, काही मिनिटांत सुरू करतं.

हा बदल अडखळला की आजार दिसतात. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांत नळी उघडी राहते आणि फुफ्फुसांत जास्तीचं रक्त शिरतं. ती कधी आपोआप मिटते, कधी औषधाने, कधी ऑपरेशनने. अशी नळी १९३८ मध्ये बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी पहिल्यांदा यशस्वीपणे बांधली. काही बाळांत फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या जन्मानंतरही आवळलेल्याच राहतात. रक्त जुन्याच वाटांनी फिरतं आणि बाळ निळं पडतं. पडद्यातलं दार मात्र साधारण चारांपैकी एका मोठ्या माणसातही पुरतं चिकटलेलं नसतं. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही.

माझ्या भाच्याची महाधमनी हाताकडे जाणाऱ्या फांद्यांच्या पुढे फार अरुंद होती. वरच्या अंगाला चांगलं रक्त मिळत होतं, म्हणून हातात ९६. खालच्या अंगाला त्या नळीतून कमी ऑक्सिजनचं रक्त जात होतं, म्हणून पायात ८४. आणि नळी तर मिटत चालली होती. इतर बाळांत जे व्हायला हवं, तेच याच्या जिवावर उठलं होतं. १०८ ची रुग्णवाहिका आली, द्रुतगती मार्गाने पुण्याला नेलं, तिथे प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप सुरू झालं. नळी उघडी राहिली. काही दिवसांनी ऑपरेशन झालं. आज तो तीन वर्षांचा आहे आणि घरात एक भांडं जागेवर ठेवत नाही.

ऑपरेशन पार पडलं आणि दुसरं दुखणं सुरू झालं. नातेवाईक आपाला विचारू लागले, "ग्रहणात बाहेर गेली होतीस ना? सुरी हातात धरली होतीस?" मला विचारायचं होतं, ग्रहण कोणाच्या जन्मामरणासाठी लागत नाही, ही शिकवण आपल्याला लहानपणीच मिळालेली आहे ना? रसूलांच्या मुलाचा इंतकाल झाला त्या दिवशी ग्रहण लागलं, तेव्हा लोकांचा गैरसमज त्यांनी स्वतः दूर केला होता. मग आपल्या घरात तो कुठून शिरला? साधारण हजार जिवंत जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो, आणि बहुतेकदा एकच एक कारण सापडत नाही. आईला गुन्हेगार ठरवणं बंद करा.

इब्न अल-नफीस यांचं नाव लक्षात ठेवा. इब्न सीना यांच्या ग्रंथावर १२४२ मध्ये भाष्य लिहिताना त्यांनी स्पष्ट मांडलं की हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला छिद्र नाही, रक्त फुफ्फुसांतून फिरून डावीकडे येतं. त्यांनी गॅलनची हजार वर्षांची समजूत खोडली आणि इब्न सीनांचा आदरही राखला. ते हस्तलिखित १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात सापडलं. थोरांचा मान ठेवून त्यांची चूक दाखवता येते, ही आपलीच परंपरा आहे.

आता कामाचं. बाळ २४ तासांचं झालं की उजवा हात आणि एक पाय, दोन्हीकडे क्लिप लावायला सांगा. दोन्ही आकडे ९५ किंवा वर हवेत, फरक ३ पेक्षा जास्त नको. ९० च्या खाली आला तर थांबूच नका. तपासणी ठीक आली तरी दूध ओढताना दमणं, घाम, धाप, निळे ओठ, गार पाय दिसले तर लगेच निघा.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, मेडिकलमधून आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर घेऊ नका. तिच्यामुळे पोटातच नळी आकसू शकते. रुबेलाची लस लग्नाआधी, निदान गर्भ राहण्याआधी झालेली असू द्या. गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला तर बाळाचं हृदय, डोळे, कान यांना धोका असतो. २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला मोहीम आली तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा फिरल्या. मीही तेव्हा गप्प बसलो होतो. जवळच्या नात्यात लग्न ठरत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. अशा लग्नांत जन्मजात दोषांचा धोका काहीसा वाढतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पैशांसाठी कुणी थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि जन्मजात हृदयदोषावरचे उपचार त्यात येतात. अंगणवाडीत, आशाताईंकडे, सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

इथून जाताना एवढंच करा. ज्या घरात येत्या महिन्यांत बाळ येणार आहे, तिथे ही क्लिपची गोष्ट सांगा. आणि आई म्हणाली की बाळाचं काहीतरी बिनसलंय, तर "उद्या दाखवू" म्हणू नका. मी म्हणालो होतो. आपाने ऐकलं नाही, म्हणून आज मामा म्हणून हाक मारणारं कुणीतरी आहे.