मोडलेला विश्वास आणि दोन कादंबऱ्या



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो महागाई भत्त्यावर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही प्रेमाच्या कादंबरीवर बोलणार आहोत. एकदा पोळलेले मन पुन्हा कोणावर विश्वास टाकायला कसे शिकते, ही कथा हल्ली फार वाचली जाते. शेवटच्या प्रकरणापर्यंत जखम भरून येते आणि वाचक समाधानाने दिवा मालवतो. यात वाईट काही नाही. दिवसभर यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला तेवढा विसावा हवाच. परंतु विश्वास हा निव्वळ मनाचा मामला आहे, असे जे त्यात गृहीत धरलेले असते, ते आम्हांला पटत नाही.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ साली प्रसिद्ध झाली. पुस्तक लहान, दोन रात्रींत संपणारे. चक्रधर युरोपातून जहाजाने मुंबईला परत येत आहे. उमा नावाच्या मुलीपायी पूर्वी त्याचे मन दुखावलेले. तेव्हापासून स्त्रीच्या बाबतीत मन गुंतवायचे नाही, असा त्याचा बाणा. त्याच जहाजावर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली हॅर्टा ही ज्यू तरुणी आहे. जगावर अविश्वास दाखवायला तिच्यापाशी त्याच्याहून शंभरपट कारणे आहेत. तरी विश्वास टाकते ती तीच! आणि तिच्या त्या टाकण्याने चक्रधरच्या मनाची गाठ सैल होऊ लागते. बेडेकरांची थोरवी अशी की, ते त्याला एका रात्रीत शहाणा करीत नाहीत.

हे आम्ही संघटनेत पुष्कळ पाहिले आहे. संप फसला की कामगार वर्गणीची पावती फाडून घ्यायला पुढे येत नाही. त्याला भाषणे ऐकवून काही उपयोग नसतो. तो आधी एखादे किरकोळ काम सांगून पाहतो. रजेचा अर्ज अडला आहे, तेवढा बघा, म्हणतो. मग महिनाभर काही न बोलता नुसता पाहत राहतो. तुम्ही ते केले असेल तर एके दिवशी आपण होऊन दोन रुपये जास्त काढून देतो.

पण 'रणांगण' एवढ्यावर थांबत नाही. मुंबई येते. चक्रधर उतरतो. हॅर्टाला उतरता येत नाही. जहाज तिला घेऊन पूर्वेकडे निघते आणि पुढे ती समुद्रात जीव देते. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले होते. ज्याला देशच उरला नाही, त्याने कोणत्या बंदरावर पाय ठेवावा? आपण नाशिकरोडची माणसे. १९२५ पासून येथे सिक्युरिटी प्रेस उभा आहे आणि भारताच्या पासपोर्टाची पुस्तिका आपल्याच गावात छापली जाते. ती छापणाऱ्या हातांना ती एक पाळीचे काम वाटत असेल. हॅर्टाच्या दृष्टीने मात्र तसली एक पुस्तिका म्हणजे सबंध आयुष्य होते.

दुसरी कादंबरी त्याच घरातली. बेडेकरांच्या पत्नी मालतीबाई यांनी विभावरी शिरूरकर या नावाने १९३४ साली, लग्नापूर्वीच, 'हिंदोळ्यावर' लिहिली. नवऱ्याने टाकलेली अचला पुन्हा विरागवर प्रेम करते; दोघे विवाहावाचून एकत्र राहण्याचे ठरवतात. केवढे वादळ उठले! पण दुसरा मार्ग तरी कोणता होता? बडोदे संस्थानात १९३१ साली घटस्फोटाचा कायदा झाला होता. मुंबई इलाख्यात तो १९४७ मध्ये आला आणि सबंध देशासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये. कष्टकऱ्यांच्या अनेक जातींत काडीमोड आणि पाट पूर्वीपासून होते, हे पांढरपेशा टीकाकारांच्या ध्यानात आले नसावे. अर्थात पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान नसे, हेही सांगितले पाहिजे.

अचलेपाशी माणूस होता, कायदा नव्हता. हॅर्टापाशी माणूस होता, कागद नव्हता. मनाची उभारी दोघींपाशी आपल्या सर्वांपेक्षा अधिक होती.

आता एक प्रश्न राहतो, आणि तो आमच्या अभ्यासमंडळात दरवेळी भांडणापर्यंत जातो. मुंबईला उतरण्याऐवजी चक्रधर त्याच जहाजाने पुढे का गेला नाही? त्याचे कागद तर ठीक होते. एक पक्ष म्हणतो, पारतंत्र्यातला, पैशाने तोकडा तरुण दुसरे काय करणार? आमचे मत निराळे आहे. त्याची जखम पुरती भरली नव्हती. तो हॅर्टावर विश्वास टाकायला शिकला होता, स्वतःवर टाकायचे राहून गेले होते. म्हणून बंदरावरचा नियम त्याने इतक्या मुकाट्याने ऐकला. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी ग्रंथालयातून पुस्तक न्यावे, वाचावे, आणि आमच्याशी भांडायला अवश्य यावे.