हर्क्युलिस : ओझ्याभोंवतीं रचलेलें विमान

विमान म्हटलें कीं आपणांस त्याचे पंख आठवतात, वेग आठवतो. हर्क्युलिस या लष्करी मालवाहू विमानाचें खरें वैशिष्ट्य मात्र त्याच्या पोटांतील तळांत आहे.

त्यापूर्वीं डकोटा विमानांनीं मोठी कामगिरी केली होती. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं आपले सैनिक श्रीनगरास उतरले ते डकोटांतूनच. परंतु डकोटा जमिनीवर शेपूट टेकून बसे. त्यामुळें आंतील तळ चढणीसारखा तिरपा होई, आणि दार कुशीला. अशा दारांतून जीप आंत घेणें म्हणजे माणसांच्या खांद्यांची कसोटीच.

१९५० सालीं कोरियांत युद्ध पेटलें, तेव्हां ही अडचण अमेरिकन वायुदलास फार बोचूं लागली. कच्च्या धांवपट्टीवर उतरेल आणि अवजड वाहनें वाहील असें विमान त्यानें १९५१ मध्यें मागितलें. लॉकहीड कंपनीच्या विलिस हॉकिन्स प्रभृति रचनाकारांनीं ओझ्यापासूनच आरंभ केला. सुमारें ४१ फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच अशी जागा मालासाठीं राखून तिच्याभोंवतीं विमान उभें केलें. पंख छपरावर बसविले, म्हणजे त्यांचें आडवें आढें मालाच्या वाटेंत येऊं नये. चाकें कुशींच्या फुगवट्यांत दडविलीं. त्यामुळें तळ मालमोटारीच्या पाठीइतकाच उंच राहिला. मागील दार खालीं टेकलें कीं त्याचीच उतरण होई. आमच्या खेड्यांतील गाडीवानही गाडी भरतांना प्रथम हाच विचार करतो. विमानविद्येस तो जरा उशिरां सुचला, इतकेंच! तप्त वायूच्या चक्रानें पंखे फिरविणारीं चार टर्बोप्रॉप यंत्रें बसविलीं, तीं आखूड धांवपट्टीस फार सोयीचीं ठरलीं.

रूप मात्र बेढब. हें विमान कंपनीस बुडवील, असा इशारा तेथील विख्यात रचनाकार केली जॉन्सन यांनीं दिला होता, असें सांगतात. २३ ऑगस्ट १९५४ रोजीं तें प्रथम उडालें. कंपनी कांहीं बुडाली नाहीं. पुढें २५०० हून अधिक हर्क्युलिस तयार झालीं!

त्या उतरणीचें मोल १९७६ च्या जुलैंत जगास दिसलें. अपहरण केलेल्या विमानांतील प्रवाशांना युगांडांत एंटेबे येथें ओलीस ठेवलें होतें. इस्रायलची चार हर्क्युलिस रात्रीं तेथें पोहोंचलीं. पहिल्याच्या पोटांतून एक काळी मर्सिडीज मोटार व जीपगाड्या तडक धांवपट्टीवर उतरल्या, आणि पहारेकरी पुरते सावध होण्यापूर्वींच सैनिक इमारतीपाशीं होते. तीन ओलीस व सैनिकांचा नायक तेथें प्राणांस मुकले. शंभरांहून अधिक माणसें सुटलीं. दोरखंड बांधून मोटार खालीं घेण्यास वेळ लागता, तर किती वांचले असते?

१९९६ सालीं सहा पात्यांच्या पंख्यांची नवी आवृत्ति उडाली. तळाची मूळ मांडणी तीच. आपल्या वायुदलास ती २०११ मध्यें मिळाली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं तिच्यांतील एक विमान लडाखमधील दौलत बेग ओल्डी येथें, १६,६१४ फूट उंचीवरील कच्च्या पट्टीवर उतरलें. हवा तेथें इतकी विरळ कीं पंखांस आधार थोडा आणि यंत्रांसही बळ कमी; आणि खालीं चौकीवरील जवान तर सामानाची वाट पाहत असतात.