गुप्तहेराचा बाजा

मी बंगळुरात राहायला आलो त्या वर्षीची गोष्ट. ऑफिसच्या सहलीत बसमध्ये गाण्याच्या भेंड्या रंगल्या होत्या. 'इ' आलं आणि मागच्या सीटवरून एका कन्नड सहकाऱ्यानं चक्क इंग्रजी गाणं सुरू केलं, 'इफ यू कम टुडे'. अर्धी बस त्याच्याबरोबर गायला लागली. मला वाटलं, असेल कुठलंतरी विलायती गाणं. तर ते निघालं डॉ. राजकुमारांचं! 'ऑपरेशन डायमंड रॅकेट' या १९७८ च्या कन्नड चित्रपटातलं, त्यांनी स्वतः गायलेलं.

तिथून मी मागे मागे जात राहिलो. १९६८ साली 'जेडर बले' आला. जेडर बले म्हणजे कोळ्याचं जाळं. तोवर पौराणिक आणि ऐतिहासिक भूमिकांत पाहिलेले राजकुमार त्यात कोट घालून 'सीआयडी ९९९' झाले. दिग्दर्शक दोरै-भगवान, संगीत जी. के. व्यंकटेश. या मालिकेत चार चित्रपट झाले, एक तर थेट गोव्यात नेलेला, आणि शेवटचा हा १९७८ चा. चारही वेळा संगीतकार तोच. पण पहिल्यात नायकाला आवाज पी. बी. श्रीनिवास यांचा आणि शेवटच्यात खुद्द राजकुमारांचा. दहा वर्षांत काय काय बदललं ते एकाच माणसाच्या कामात ऐकायला मिळतं. असं सहसा मिळत नाही.

आता माझा मुद्दा सांगतो. संगीतात नवीन फॅशन आली की ती आधी गुप्तहेराच्या अंगावर चढवून बघतात. साधं कारण आहे. देवळात आरती चालली असेल तर तिथे संगीतकार इलेक्ट्रिक गिटार आणू शकत नाही. आईच्या डोळ्यांत पाणी असेल तर बोंगो वाजवता येत नाही. गुप्तहेर मात्र विमानतळावर जातो, हॉटेलात जातो, कॅबरे बघतो. तिथे सगळं खपतं.

मूळ पुरुष अर्थातच बाँड. 'डॉक्टर नो', १९६२. मॉन्टी नॉर्मनची चाल, जॉन बॅरीची मांडणी, विक फ्लिकची गिटार. गंमत अशी, की नॉर्मननं ही चाल आधी एका संगीतिकेसाठी बांधली होती. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवरची ती संगीतिका रंगमंचावर आलीच नाही. त्रिनिदादमधल्या भारतीय कुटुंबाची कथा, म्हणून चालीला सतारीचा बाज होता. ती सतार गेली, गिटार आली, आणि बाँड तयार झाला! पेटी असेल तर घरी करून बघा: कोमल गंधाराचा सूर धरा आणि वर प, कोमल ध, शुद्ध ध, परत कोमल ध असं सावकाश फिरवा. कोणीतरी दाराआड उभं आहे असं वाटायला लागेल.

'मिशन इम्पॉसिबल'चंही तसंच. लालो शिफ्रिननं १९६६ साली टीव्हीसाठी केलेली ती धून ३-३-२-२ अशा दहा मोजांत चालते, आपल्या झपतालाची चुलत बहीणच. १९९६ च्या चित्रपटावेळी 'यूटू' बँडच्या दोघांनी तिचा डान्स क्लबसाठी नवा अवतार केला आणि ती सरळ चारच्या ठेक्यात बसवली. नाचायला सोपी झाली. माझ्या मते जीव गेला, पण खपली.

आपल्याकडे १९६७ चा 'फर्ज' घ्या, लक्ष्मीकांत-प्यारेलालचा. दिग्दर्शक रविकांत नगाईच. त्याच नगाईचनं बारा वर्षांनी, १९७९ साली, 'सुरक्षा' काढला: मिथुन आणि बप्पी लाहिरी. गिटार आणि ब्रासच्या जागी डिस्को. 'डिस्को डान्सर' आला १९८२ ला, म्हणजे मिथुन-बप्पी जोडीनं डिस्को आधी हेराकडून वदवून घेतला होता.

पुढे १९८६ चा तमिळ 'विक्रम'. संगीत इळैयाराजांचं, आणि त्यात सिंथेसायझर जोरात. हे इळैयाराजा एकेकाळी जी. के. व्यंकटेशांचे साहाय्यक होते, त्यांच्याकडे गिटार वाजवायचे.

मंडळी, इथे जरा थांबतो. हिंदी चित्रपटांतला तो ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिनचा ताफा मोठ्या प्रमाणात गोव्याहून मुंबईला आलेल्या वादकांनी उभा केला. प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस गोव्याचेच. सिंथेसायझर आला तेव्हा पडद्यावरचा हेर आधुनिक झाला आणि स्टुडिओतल्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. जिथे साठ माणसं बसायची तिथे एकजण कीबोर्ड घेऊन बसला. फॅशनचा इतिहास सांगताना आपण हे पटकन ओलांडून जातो.

आणि एक आपला माणूस. नागपूरचे विजय पाटील. ते आणि त्यांचे जोडीदार सुरेंद्र यांना दादा कोंडक्यांनी 'राम-लक्ष्मण' हे नाव दिलं आणि 'पांडू हवालदार'चं संगीत दिलं. मग राजश्रीचा 'एजंट विनोद' मिळाला, हिंदीत मोठी संधी. तो घेतल्यावर थोड्याच काळात, १९७६ साली, सुरेंद्र अचानक गेले. पाटलांनी 'एजंट विनोद' एकट्यानं पुरा केला, पण जोडीदाराचं नाव काढलं नाही. १९७७ ला चित्रपट आला. १९८९ ला 'मैंने प्यार किया' आला, घराघरात वाजला, तेव्हाही श्रेयनामावलीत 'रामलक्ष्मण'च होतं. २०२१ मध्ये नागपुरात ते गेले, त्याच नावानं. पांडू हवालदाराची ढोलकी वाजवून आलेल्या माणसानं हेराच्या कॅबरेला चाल कशी लावली असेल? मी 'एजंट विनोद' त्या कानानं पुन्हा ऐकला. चाली साध्या, गुणगुणता येणाऱ्या. पाश्चात्त्य साज वरून चढवलेला. ठिगळ दिसतं, पण मला ते आवडतं.

हेच शीर्षक घेऊन २०१२ ला सैफचा 'एजंट विनोद' आला, प्रीतमच्या संगीताचा, आणि त्यात गाजली ती पुंगी. त्याआधी १९८३ च्या 'ऑक्टोपसी'त उदयपूरला विजय अमृतराज गारुडी बनून पुंगीवर बाँडची धून वाजवतो, ती बाँडला ओळख पटवायची खूण. सतारीपासून निघालेली चाल वीस वर्षांनी पुंगीवर घरी आली!

आता 'पठाण' वगैरेंत बास असा दणकतो की खुर्ची हलते. त्याबद्दल फार बोलत नाही, ते तुम्ही ऐकताच. पण २०१८ चा 'राझी' जरूर ऐका, शंकर-एहसान-लॉयचा. हेर एक सून आहे, स्वयंपाकघरात वावरणारी. तिच्या वाट्याला ब्रास नाही की डिस्को नाही, लेकीच्या पाठवणीचं गाणं आहे. आणि ते चालू असताना आपल्याला ठाऊक असतं, की ती सासरी कशासाठी निघाली आहे.