उकिरडा, भाकरी आणि राखण: माणूस व कुत्रा यांची सहउत्क्रांती

गाय, शेळी किंवा मेंढी माणसाच्या दावणीला येण्याच्या कितीतरी आधी कुत्रा त्याच्या वस्तीवर आलेला होता. शेतीची सुरुवात साधारण अकरा-बारा हजार वर्षांपूर्वीची मानली जाते. कुत्र्याचा निर्विवाद पुरावा मात्र चौदा हजार वर्षांपेक्षा जुना आहे. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत एक पुरुष आणि एक स्त्री यांचे दफन उघडे पडले. त्यांच्याबरोबर कुत्र्याचीही हाडे होती. या दफनाचा काळ सुमारे १४,२०० वर्षांपूर्वीचा. त्या कुत्र्याच्या दातांची पुढे बारकाईने तपासणी झाली, तेव्हा तो जेमतेम सात महिन्यांचा असल्याचे आणि त्याला डिस्टेंपर हा जीवघेणा आजार झाल्याचे दिसून आले. दातांवरच्या खुणा सांगतात, की आजार जडल्यानंतरही ते पिल्लू काही आठवडे जगले. अशा अवस्थेत ते शिकारीच्या किंवा राखणीच्या उपयोगाचे नव्हते. कोणीतरी त्याला पाणी पाजले, ऊब दिली, स्वच्छ ठेवले, म्हणूनच ते तेवढे तगले. या नात्याच्या अगदी जुन्या पुराव्यातच उपयोगापलीकडची माया दिसते, आणि ही बाब कोणत्याही सिद्धांतापेक्षा मोलाची आहे. उत्तर इस्राएलमधील ऐन मल्लाहा येथील सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीच्या दफनात तर मृत व्यक्तीचा हात पिल्लाच्या अंगावर ठेवलेला आढळला.

कुत्रा लांडग्यापासून उतरला, याविषयी आता शंका उरलेली नाही. कोणत्या लांडग्यापासून, हा प्रश्न अधिक अवघड आहे. २०२२ साली ७२ प्राचीन लांडग्यांच्या जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार कुत्र्यांचे नाते युरोपातल्या लांडग्यांपेक्षा आशियाच्या पूर्व भागातील प्राचीन लांडग्यांशी अधिक जवळचे आहे. मात्र तपासलेल्यांपैकी एकही लांडगा कुत्र्याचा थेट पूर्वज ठरला नाही. ज्या लांडग्यांपासून कुत्रा उतरला, त्यांचा वंश आज पृथ्वीवर नसावा. त्याआधी, २०२० साली, २७ प्राचीन कुत्र्यांच्या अभ्यासातून असे दिसले होते, की अकरा हजार वर्षांपूर्वीच कुत्र्यांचे किमान पाच वेगवेगळे वंश झालेले होते. शेती रुजत होती, त्या सुमारास कुत्रा जगाच्या अनेक भागांत पसरून स्थिरावलाही होता.

दख्खनच्या दृष्टीने यातून एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट निघते. मराठवाडा, सोलापूर, नगर, पुणे या भागांतील माळरानांवर फिरणारा लांडगा हा जगातील लांडग्यांच्या अतिशय जुन्या, वेगळ्या शाखेचा आहे. गावातला कुत्रा या लांडग्याचा वंशज नाही. तो माणसांबरोबर दुरून इथे आला आणि इथे त्याची गाठ आपल्या दूरच्या भाऊबंदाशी पडली. मेंढ्यांच्या वाड्याच्या आतल्या बाजूला कुत्रा आणि बाहेरच्या अंधारात लांडगा, ही मांडणी आजही मोडलेली नाही.

लांडग्याचा कुत्रा कसा झाला, याची दोन उत्तरे दिली जातात. जुने उत्तर असे, की शिकारी माणसांनी लांडग्यांची पिल्ले उचलून आणली, पाळली आणि त्यांतली सौम्य स्वभावाची तेवढी ठेवली. दुसऱ्या उत्तरात पुढाकार लांडग्याचा आहे. माणसांच्या तळाभोवती हाडे, कातडी, उरलेले मांस पडलेले असे. माणसाची चाहूल लागताच दूर पळणाऱ्या लांडग्याला त्यातले थोडेच मिळे. जो थोडा धीट आणि थोडा शांत, तो जास्त वेळ थांबे, जास्त खाई आणि त्याची पिल्ले अधिक जगत. अशा शेकडो पिढ्या गेल्या आणि तळाच्या कडेला राहणारी एक वेगळी जात तयार झाली. या विचारावर आक्षेप असा, की भटक्या शिकाऱ्यांच्या तळावर एवढे उष्टे उरणार कोठून? त्यावर २०२१ साली फिनलंडमधील अभ्यासकांनी एक शक्यता मांडली. हिमयुगाच्या कडक हिवाळ्यात शिकार मिळे ती चरबी नसलेली, आणि माणसाचे यकृत केवळ प्रथिनांवर शरीर चालवू शकत नाही. त्यामुळे कोरडे मांस उरत असे. लांडग्याला मात्र तेच पुरेसे होते. दोन शिकारी प्राण्यांमध्ये अन्नावरून भांडण होण्याऐवजी वाटणी झाली, ती अशी. पिल्ले उचलून आणणे आणि लांडग्यांनी आपणहून जवळ येणे या दोन्ही गोष्टी घडल्या असण्याची शक्यता आहे. पण तळाच्या कडेला राहणाऱ्या प्राण्याशिवाय ही गोष्ट हजारो वर्षे टिकली नसती.

स्वभावाची निवड केली की शरीरही बदलते, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ दिमित्री बेल्याएव यांच्या प्रयोगाने दाखवले. १९५९ पासून नोवोसिबिर्स्क येथे त्यांनी रुपेरी खोकडांमधून माणसाला सर्वांत कमी बिचकणारी तेवढी निवडून त्यांचीच वीण वाढवली. काही पिढ्यांतच ही खोकडे शेपूट हलवू लागली, माणसाचा हात चाटू लागली. काहींचे कान लोंबते झाले, अंगावर पांढरे ठिपके आले. बेल्याएव यांच्यानंतर ल्युदमिला त्रुट यांनी हे काम अनेक दशके चालवले. ही खोकडे आधीच कॅनडातल्या फर-फार्मांवर वाढलेल्या वंशाची होती, त्यामुळे सगळे बदल प्रयोगातूनच आले असे म्हणता येत नाही, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो योग्य आहे. तरीही भीती कमी होण्याचा वेग या प्रयोगाइतका स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसलेला नाही.

यानंतरचा मोठा बदल पोटात झाला. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकसंचांची तुलना केली. पिठूळ पदार्थ पचवण्यासाठी लागणारे अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. जिथे शेती जुनी, तिथल्या कुत्र्यांत या प्रती अधिक असतात. ध्रुवीय प्रदेशातल्या, मांसमाशांवर जगणाऱ्या कुत्र्यांत त्या कमी असतात. हा बदल कुत्रा माणसाळल्यानंतरचा, धान्य आल्यानंतरचा आहे. मराठवाड्याच्या खेड्यातला कुत्रा शिळ्या ज्वारीच्या भाकरीवर वर्षानुवर्षे धडधाकट राहतो, त्यामागे हे जनुक आहे. माणसांमध्येही पिष्टमय आहार असलेल्या समाजांत लाळेतील अमायलेजच्या जनुकाच्या प्रती अधिक असतात. एकाच ताटातल्या अन्नाने दोन वेगळ्या प्राण्यांवर सारखी खूण उमटवली. सहउत्क्रांती या शब्दाला याहून भक्कम उदाहरण क्वचितच सापडेल.

मनाचा बदल मोजणे कठीण असते, पण तेही झाले आहे. २०१५ साली जपानमधील एका अभ्यासात कुत्रा आणि त्याचा पालक एकमेकांकडे पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते, असे आढळले. आई आणि तान्हे मूल यांच्यात जिव्हाळा निर्माण करणारे हेच संप्रेरक. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसे घडले नाही. २०१९ साली कुत्र्याच्या डोळ्याच्या वरच्या बाजूस भुवई आत-वर उचलणारा एक स्नायू ठळक असल्याचे, आणि लांडग्यात तो जवळजवळ नसल्याचे दाखवले गेले. केविलवाण्या चेहऱ्याने भाकरीचा तुकडा मिळवणाऱ्या कुत्र्यांना पिढ्यान्पिढ्या थोडे अधिक खायला मिळाले असणार.

हे सारे लाडात वाढलेल्या पाळीव कुत्र्यांपुरते आहे काय, या प्रश्नाचे उत्तर भारतातून मिळाले. कोलकात्याजवळील आयसर संस्थेत अनिंदिता भद्र यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. कोणीही न शिकवलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांसमोर दोन वाडगी ठेवून अनोळखी माणसाने एकीकडे बोट दाखवले. जी कुत्री जवळ आली, त्यांतली सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या वाडग्याकडे गेली. माणसाच्या हातवाऱ्याचा अर्थ लावण्याची ही क्षमता उपाशी, हाकललेल्या, मालक नसलेल्या प्राण्यातही टिकून आहे. जगातली बहुसंख्य कुत्री अशीच कोणाच्या मालकीची नसलेली किंवा अर्धवट मालकीची आहेत. गळ्यात पट्टा असलेल्या जाती बहुतांशी गेल्या दोनशे वर्षांतल्या निवडीतून घडल्या. या दीर्घ सोबतीचा खरा वारसदार गल्लीतला कुत्रा आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय विषय नीट समजत नाही.

दख्खनच्या मातीत या सोबतीच्या खुणा तीन-चार हजार वर्षे मागे जातात. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. त्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या गावात गाय-बैल, शेळ्यामेंढ्यांच्या हाडांबरोबर कुत्र्याचीही हाडे मिळाली. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ साली चार भरीव ब्राँझच्या आकृती सापडल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैल जुंपलेला रथ. रथात एक पुरुष उभा आहे आणि त्याच्यापुढे, रथाच्या दांडीवर, एक कुत्रा उभा आहे. बैल ओढतात, माणूस हाकतो, आणि कुत्रा केवळ बरोबर असतो. त्या अनामिक कारागिराला कुत्र्याशिवाय प्रवास पुरा वाटला नाही.

मेंढपाळ धनगरांच्या जीवनात ही सोबत आजही कामाची आहे. पावसाळा सरला की मेंढ्यांचे कळप घेऊन कुटुंबे निघतात, रात्री शेतात वाडा बसतो आणि कुत्री त्याभोवती जागी राहतात. लांडगा आला की प्रथम तीच भुंकतात, आणि प्रसंगी जखमी तीच होतात. कष्टाच्या या वाटणीतही एक नवी गुंतागुंत आली आहे. माळराने आक्रसली, गावकुत्री वाढली आणि पुण्याजवळच्या माळावर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले. कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोगही लांडग्यांत जातात. ज्या प्राण्याने लांडग्याला शतकानुशतके वाड्याबाहेर रोखले, त्याच्याच संख्येने आता लांडग्याचा वंश धोक्यात आणला आहे.

शिकारीसाठी दख्खनने वेगळा, सडपातळ आणि वेगवान कुत्रा घडवला. तो कारवानी. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी, विशेषतः मालोजीराव घोरपडे यांनी, त्याची नेटकी पैदास केली. २०२० साली राष्ट्रीय पातळीवर नोंदल्या गेलेल्या पहिल्या तीन देशी जातींत मुधोळ हाउंड आहे.

लोकदैवतांनीही कुत्र्याला जागा दिली. धर्मशास्त्रांनी त्याला अपवित्र ठरवले असताना दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्री आली, भैरवाचे वाहन कुत्रा झाला आणि खंडोबाबरोबर कुत्रा चालू लागला. खंडोबाला वाहिलेले वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानत. कोटंब्यात भिक्षा घेत आणि उत्सवात कुत्र्यासारखे भुंकत. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या साताऱ्याच्या खंडोबाला चंपाषष्ठीला येणारे हजारो भाविक याच परंपरेतले. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा वारकऱ्यांच्या घराघरात सांगितली जाते. पशुपालकांचा आणि शेतकऱ्यांचा रोजचा अनुभव शास्त्रग्रंथांपेक्षा बळकट ठरला, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

शहरात मात्र या सोबतीच्या अटी बदलल्या. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात रात्री वाहने विरळ झाली, की उड्डाणपुलाखाली, पैठण गेटकडे आणि उस्मानपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या तोंडाशी कुत्र्यांचे वेगवेगळे गट दिसतात. प्रत्येक गटाची हद्द ठरलेली असते आणि ती हद्द अन्नाने ठरते: खाद्यपदार्थांच्या गाड्या, मांसाची दुकाने, कचराकुंड्या, मायेने पोळी टाकणारी घरे. फेब्रुवारी २०१८ मध्ये, जिथे शहराचा कचरा टाकला जाई त्या नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरात आठवडेच्या आठवडे कचऱ्याचे ढीग साचले. असे ढीग म्हणजे हिमयुगातल्या तळाभोवतीच्या उष्ट्याची शहरी आवृत्तीच. उघडा कचरा जेवढा, तेवढी कुत्री जगतात. यात दुसरी भर गिधाडांच्या नाशाने पडली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे देशातील गिधाडे १९९०नंतर जवळजवळ संपली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर मेलेल्या जनावरांचे मांस कुत्र्यांच्या वाट्याला येऊ लागले होते.

या जगण्यात सुख फार थोडे आहे. भद्र यांच्या गटाने ९५ वेतांतील ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवले. सातव्या महिन्यापर्यंत त्यांतली १९ टक्केच जगली, आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंना माणूस कारणीभूत होता. २०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी आणि महाराष्ट्रात साडेबारा लाखांहून अधिक मोकाट कुत्री नोंदली गेली. दुसऱ्या बाजूला रेबीज उभा आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात वर्षाला सुमारे ५,७०० माणसे रेबीजने मरत असल्याचा अंदाज दिला. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो आणि त्याचे बळी बहुधा गरीब घरांतले, त्यातही मोठ्या संख्येने मुले असतात. या मुलांचा जीव आणि कुत्र्यांवरची दया यांना एकमेकांसमोर उभे करणे चुकीचे आहे, कारण दोघांनाही वाचवणारा उपाय एकच आहे.

तो उपाय गोव्याने करून दाखवला. तेथे दरवर्षी सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचण्याचे लक्ष्य ठेवून गावोगावी पथके फिरली. माणसांतील रेबीजचे मृत्यू थांबले, कुत्र्यांतील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. नसबंदीचे नियम देशात २००१ पासून आहेत. २०२३ मध्ये ते नव्याने लागू झाले. पकडलेल्या कुत्र्यावर शस्त्रक्रिया करायची, त्याला लस द्यायची, कानाला खाच पाडायची आणि त्याच हद्दीत परत सोडायचे, अशी ही पद्धत आहे. परत सोडण्यामागे कारण आहे: मोकळ्या झालेल्या हद्दीत अन्न तसेच राहिले, तर शेजारची, लस न मिळालेली कुत्री तेथे येतात. हद्द राखणारी लसवंत कुत्री मात्र नव्यांना शिरू देत नाहीत, आणि त्यांची वीण थांबल्याने गटाची संख्या वर्षागणिक कमी होते. हे काम एखाद्या वर्षी थांबले, तर नव्या पिल्लांच्या दोन-तीन वेतांत सारे प्रयत्न वाया जातात, म्हणून लसीकरण, नसबंदी आणि कचऱ्याचे रोजच्या रोज संकलन या तिन्ही गोष्टी महापालिकेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी एकत्रच असाव्या लागतात.