पिवळी पावसाळी लिली



पहिल्या पावसानंतर बोईसर-तारापूरच्या वसाहतींतील बागांत व आपल्या शाळांच्या ताटव्यांत जी पिवळी फुले एकाएकी उमलतात, ती वनस्पती मूळची मेक्सिकोकडील. नावाने लिली, कुल मात्र नागदवण्याचे. ती बहुवर्षायू असून उन्हाळ्यात कंदरूपाने जमिनीत राहते. पोकळ दांड्यावर एकच फूल, सहा परिदले, सहा केसरदले. किंजपुट परिदलांच्या खाली असतो. पुढे त्याचेच तीन कप्प्यांचे बोंड होऊन त्यातून चपट्या काळ्या बिया पडतात.

याच दिवसांत पालघरच्या रानात काळी मुसळी फुलते. तिलाही सहा पिवळी दले असतात. परंतु तिची पाने घडीदार, आणि किंजपुट जमिनीतच दडलेला. बोंडाची जागा शोधावयास लावली की मुले हा भेद विसरत नाहीत.

फूल नसताना मात्र खरी अडचण येते. मुले घरच्यांबरोबर फोडशीची भाजी खुडावयास जातात आणि लिलीची कोवळी पाने नवख्याला तशीच भासतात. ती खाण्याजोगी नाहीत. कंद तर विषारीच. त्यातील लायकोरिनाने ओकाऱ्या होतात. तेव्हा एक रोप मुळासकट उपटून वर्गात दाखवावे. फोडशीला बोटांसारख्या मांसल मुळ्यांचा झुबका असतो, लिलीला कांदा. तो कापला तरी कांद्याचा दर्प येत नाही. कापणे शिक्षकांनीच करावे व हात धुवावेत.