रजेचा अर्ज आणि व्यसनमुक्ती
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील रुग्णालय व्यवस्थापकांचे भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकातले मला हिशेबापुरतेच कळते. तथापि देयकांवर सही करताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. पित्त, अशक्तपणा, ताप अशा नोंदीखाली दाखल झालेला एखादा नोकरदार दुसऱ्या दिवशी थरथरू लागतो आणि मग त्याची पत्नी हळू आवाजात खरे कारण सांगते. धाडसारख्या गावात शिक्षक, बँक कर्मचारी, एस.टी.चा चालक सर्वांच्या ओळखीचे. कागदावर ‘दारू’ हा शब्द येईल, याचीच त्यांना धास्ती.

ही लपवाछपवी जिवावर बेतू शकते. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर फिट येते, भ्रम होतो. डॉक्टरांना आधी कळले तर औषधांनी हे बहुतांशी टाळता येते. चहात गुपचूप औषध मिसळण्याचा उपायही कृपया कोणी करू नये. डायसल्फिरामची गोळी रुग्णाच्या संमतीने व देखरेखीखालीच द्यावयाची असते. नकळत ती पोटात असता दारू घेतल्यास रक्तदाब कोसळू शकतो.

डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारे 1986 मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथील निवासी उपचार पाच आठवड्यांचा. 35 दिवस म्हणताच नोकरदार हादरतो. अशा वेळी मी हिशेब मांडतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यास वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा मिळते. वैद्यकीय कारणास्तव ती परिवर्तित करून पूर्ण वेतनावर घेतल्यास 35 दिवसांपोटी 70 दिवस खर्ची पडतात, म्हणजे साडेतीन वर्षांची शिल्लक. जुन्या कर्मचाऱ्याकडे ती असते. तापाच्या नावाखाली आधीच संपविली नसेल तर!

सर्वांनाच दाखल व्हावे लागते असे नाही. व्यसन बेताचे आणि घरचे पाठीशी असतील तर नोकरी सांभाळून बाह्यरुग्ण उपचार व समुपदेशन घेता येते. शहरांतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभाही भरतात. ही संघटना 1935 मध्ये अमेरिकेत एका शेअर व्यावसायिकाने व एका शल्यचिकित्सकाने स्थापिली. दोघेही स्वतः मद्यासक्त होते. 14446 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अशा रुग्णास गोपनीयतेचा हक्क आहे. आमच्या नोंदणी खिडकीवर मात्र आजही रांगेदेखत तक्रार विचारली जाते. हा दोष आमचा आहे. यास्तव मागील बाजूची खोली सायंकाळी सहानंतर समुपदेशनासाठी राखून ठेवावी व समुपदेशकाच्या मानधनाची तरतूद करावी, असा प्रस्ताव अंदाजपत्रकासोबत जोडला आहे. विश्वस्त मंडळाने त्यास मान्यता द्यावी, ही विनंती.